ऑडिटरांनी न घेतलेलं सरबत

ही गोष्ट मी सांगायची टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते वारले तेव्हा वाटलं, आता सांगता येईल. पण तेराव्याला जमलेल्या माणसांनी दादांच्या सचोटीचे असे गोडवे गायले, की मी उठून गोठ्याकडे निघून गेलो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ही सोय मेलेल्यांची नाही, आपण जिवंत लोकांनी स्वतःसाठी करून घेतली आहे.

यंदाच्या दिवाळीत पुतण्याच्या मुलांना हळदीच्या धंद्यासाठी सीए ठरवायचा होता. एक म्हणाला, अमका घेऊ, आपलाच आहे, समजून घेतो. दुसऱ्याने त्या अमक्याची सासुरवाडी नात्यागोत्यातली कशी, ते सांगितलं. त्याने आधी कोणाची कामं केली, फी काय घेतो, मालकाच्या चुकीवर बोट ठेवायची त्याच्यात धमक आहे का, हे एकानेही विचारलं नाही. जावई निवडावा तसा हिशेब तपासणारा निवडत होते. मी ताट सरकवून उठलो. सून म्हणाली, अप्पांना आजकाल काहीच सहन होत नाही. खरं आहे. साठेक वर्षं केलं, आता होत नाही.

तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हती, परभणीतला एक तालुका होती. राज्य निजामाचं, रुपयाही त्याचाच, हाली नावाचा, आणि पूर्णेकडून येणारी गाडी हिंगोलीला येऊन संपायची. स्टेशनपलीकडे आमची जिनिंग होती. आमची म्हणजे निम्मी. उरलेली निम्मी वडिलांच्या दोस्ताची, ज्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, कापसाच्या व्यापारातलं. वडील आधी गेले, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत चाचाही गेले. मागे राहिली चाची आणि तिची लहान लेकरं. कारभार सगळा दादांच्या हातात होता. चाचीने निरोप धाडला, आमचा हिस्सा वेगळा करून द्या. हिस्सा केवढा, यावर दोन्ही घरांचं जुळेना. शेवटी बाजारातले जुने अडते पंच झाले आणि त्यांनी ठरवलं, की सनद असलेला बाहेरचा ऑडिटर आणावा आणि तो जो आकडा सांगेल तो दोन्ही घरांनी मान्य करावा. चाचीच्या लेकरांचं पुढचं सारं आयुष्य त्या आकड्यावर होतं.

घरात मॅट्रिक झालेला मी एकटा. ऑडिटर शोधायचं काम माझ्याकडे आलं. दादांनी सांगून ठेवलं होतं, डोकं कमी आणि सही झोकदार असा बघ.

नांदेडला दोघं होते. पहिल्याने मला गादीवर बसवलं, चहा पाजला आणि चहा संपायच्या आत विचारलं, "आकडा किती पाहिजे?" दुसऱ्यांनी चहा विचारला नाही. दोन्ही घरांचे कागद बघायला मिळतील का आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेल का, एवढं विचारलं. मला मॅट्रिकचा ताठा होता. मी म्हणालो, सनद दाखवा. त्यांनी भिंतीवरची चौकट काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"यावरून फक्त मी पास झालो एवढं कळेल," ते म्हणाले. "ज्यांची कामं केली त्यांना विचारा. ज्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही, त्यांना आधी विचारा."

मी विचारलं. एक तेलघाणीवाला म्हणाला, "माणूस बराबर हाय, पण परवडत न्हाई. लई खरं बोलतो." मी त्यांनाच ठरवलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली चांगली गोष्ट ती एवढीच. दादा म्हणाले, "तुला माणूस आणाया धाडलं तं तू फौजदार घेऊन आलास."

ऑडिटर साहेबांनी फी आधीच बोलून घेतली. ती दोन्ही घरांनी निम्मी निम्मी द्यायची. आणि काम पुरं होईपर्यंत ते कोणत्याही घरचं अन्नपाणी घेणार नव्हते. सोबत फिरकीचा तांब्या असायचा, त्यातलंच पाणी प्यायचे. जेवायला स्टेशनाजवळच्या खाणावळीत जायचे. पहिल्याच दिवशी आईने गूळपाणी पुढे केलं, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. आई आत जाऊन रडली. आमचं पाणी बाटलंय का, असं तिने दादांना विचारलं. आपल्याकडे माणूस दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी देतो आणि वैरीही ते घेतो. पाणी नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं. हिशेब तपासणाऱ्याने मिंधं होऊ नये म्हणून पाणी नाकारलं, हे आमच्या टाळक्यात शिरेना. माझ्या शिरत होतं, पण मीही आईला समजावलं नाही.

कामाला बसले की त्यांना मध्ये कोणी बोललेलं खपायचं नाही. दादा मुद्दाम शेजारी जाऊन बसायचे, पान लावायचे, पावसापाण्याचं काढायचे. साहेब हातातलं काम थांबवायचे आणि दादांचं बोलणं संपेपर्यंत नुसते त्यांच्याकडे बघत राहायचे. त्यांनी मागितलेलं मी आणून द्यायचो. जे द्यायचं नाही असं दादांनी सांगितलं होतं, तेही ते बरोबर मागायचे.

मग चाचीचं म्हणणं ऐकायला ते तिच्या घरी निघाले. बरोबर मी, आणि बैलगाडी हाकायला आमचा गाडीवान. चैत्राचं ऊन होतं. आम्ही पडवीत बसलो, चाची पडद्याआड. बोलणं झाल्यावर तिने मुलीच्या हाती तबकातून वाळ्याचं सरबत पाठवलं. एकच पेला. माझ्यासाठी तिने पाठवला नाही, कारण आमच्या घराला त्यांचं पाणी चालत नसे. वडील आणि चाचा आयुष्यभर एका गादीवर बसले, पण पाणी वेगळं. दोघांनाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. मी मात्र लहानपणी तिच्या घरी चोरून प्यायचो, खायचो, आणि हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

मुलगी तबक ठेवून आत गेली. साहेबांनी पेल्याला हात लावला नाही. आईसारखीच चाची आत रडेल, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. साहेब माझ्याकडे बघून किंचित हसले. पडद्याआडून चाचीने विचारलं, "साहेब ने पिया क्या, बेटा?"

"हां चाची," मी म्हणालो.

रिकामा पेला घेऊन मुलगी आत गेली, ते अंगणात थांबलेल्या गाडीवानाने पाहिलं.

काम संपत आलं तसे पंच जिनिंगच्या आवारात बसले. साहेबांनी सगळ्यांसमोर दादांना साधा प्रश्न विचारला. "तीन मण कापूस आत गेला तर मणभर रुई निघते आणि दोन मण सरकी. तुमची रुई सगळी लिहिलेली आहे. सरकी कुठे आहे?"

एक म्हातारा अडत्या म्हणाला, "यांच्या कापसाला बीच नसंल." माणसं हसली. दादांना चोरी उघडी पडल्याचं काही वाटलं नसतं, ते हसणं मात्र लागलं. सरकी कुठे गेली हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दर साल ती परस्पर विकली जायची आणि पैसा आमच्या घरात यायचा. माझी शाळेची फीदेखील त्यातूनच गेली होती.

दादा उठले. "पंचहो, साहेबांना आमच्या घरचं पाणी चालत न्हाई. तिकडलं सरबत बराबर चालतं. काहून, ते तुमीच वळखा." त्यांनी गाडीवानाला पुढे बोलावलं. रिकामा पेला आत जाताना पाहिला, असं त्याने सांगितलं. ते खरंच होतं. मग दादा माझ्याकडे वळले. "तू व्हतास ना तिथं? सांग, साहेबांनी घेतलं का न्हाई?"

माझी सोयरीक तेव्हा ठरत आली होती आणि मुलीचे चुलते त्या पंचांतच बसले होते. पेला मी रिकामा केला म्हटलं असतं, तर सोयरीक मोडली असती, घरात मला वेगळ्या ताटात वाढलं असतं, आणि दादांच्या सरकीचं उत्तर दादांनाच द्यावं लागलं असतं. हे सगळं मी एका क्षणात मोजलं. हिशेबाला मी कधीच कच्चा नव्हतो.

"व्हय," मी म्हणालो. "घेतलं."

साहेब म्हणाले, "मी घेतलं नाही." एकदाच म्हणाले. नंतर माझ्याकडे बघत राहिले, दादांचं बोलणं संपायची वाट बघायचे तसे. माझ्याकडे बोट दाखवून ते सुटू शकले असते. त्यांनी दाखवलं नाही. कागद दोरीने बांधून पंचांपुढे ठेवले, तांब्याची फिरकी आवळली, अर्ध्या कामाची फी घेत नाही म्हणाले आणि स्टेशनाकडे चालू लागले. ज्या पंचांनी त्यांना बोलावलं होतं, त्यांच्यापैकी एकही उठला नाही. सरकीचा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. इतकी वर्षं मला ज्याची चीड येत आली ते हेच. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि एका पेल्यावर सगळ्यांची सोय झाली.

मग नांदेडचा तो पहिला आला. आमच्याकडे पुरणपोळी जेवला, सरकी पावसात भिजून कुजली असं लिहिलं आणि सही केली. सही खरंच झोकदार होती. चाचीने तो आकडा मुकाट्याने घेतला. तिने माझ्या आईला निरोप पाठवला, की साहेबांनी माझं मन राखायला सरबत घेतलं म्हणून त्यांच्यावर बालंट आलं, चूक माझी आहे. आईने तो निरोप मला सांगितला. मी जेवत होतो, जेवत राहिलो.

साहेबांची गोष्ट वसमतपासून जवळा बाजारपर्यंत पोचली. सरबतावर विकला जाणारा ऑडिटर म्हणून अडते त्यांच्यावर हसायचे. पुढे त्यांना आमच्या भागात कोणी बोलावलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर आमच्याकडच्या मुसलमान घरांवर जे गुदरलं, त्यात चाची लेकरांना घेऊन हैदराबादेकडे गेली. कुठे गेली, हे कोणाला सांगता आलं नाही. हातात हिश्शाचा खरा पैसा असता तर तिला कोणाच्या दारात जावं लागलं नसतं. एकीची माफी मागायची राहिली, तेव्हा मी दुसऱ्यासाठी, साहेबांसाठी, नांदेडची गाडी धरली.

ते एका कापडाच्या दुकानात जमाखर्च लिहीत होते. भिंतीवर चौकट नव्हती. त्यांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं आणि त्याच फिरकीच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवलं.

"घ्या," ते म्हणाले. "तुमचं काम आता माझ्याकडे नाही. मलाही तुमच्या घरचं चालेल."

मी पाणी प्यालो. त्यांनी विचारलं, काही काम होतं का. मी म्हणालो, नाही, इकडे आलो होतो. कापसाच्या भावाचं बोललो आणि उठलो. गाडीत पूर्णेपर्यंत घोकलेली वाक्यं तोंडातच राहिली. नंतर ते वारल्याचं कळलं. ती वाक्यं अशी होती:

"साहेब, ते सरबत मी प्यालो होतो. तुम्ही पेल्याला हातही लावला नव्हता. मला माफ करा, आणि चला माझ्याबरोबर हिंगोलीला. हे मला त्याच आवारात, त्याच माणसांसमोर सांगायचं आहे."