नत्थुजींच्या ताब्यातला सांधा

बडनेऱ्याच्या आमच्या गल्लीचं सगळं इंटरनेट एका माणसाने कुलपात घातलंय आणि किल्ली करदोट्याला बांधून तो गावभर हिंडतोय. तो माणूस म्हणजे आमचे शेजारी नत्थुजी निंभोरकर.

नत्थुजी रेल्वेत पॉइंट्समन होते. पॉइंट्समन म्हणजे रुळांचा सांधा बदलणारा. त्याने दांडा ओढला की नागपूरला निघालेली गाडी गुमान अमरावतीकडे वळते. नोकरी संपली, पण दांडा काही नत्थुजींच्या हातातून सुटला नाही. ते पंख्याचं बटणही दोन्हीकडे पाहून दाबतात. जेवताना भाजीकडून वरणाकडे वळायचं तरी आधी घसा खाकरून इशारा देतात.

त्यांचा मुलगा विपुल वस्तीत इंटरनेट पुरवतो. केसासारख्या काचेच्या तंतूतून उजेड येतो आणि त्या उजेडातून आमच्या मालिका, पोरांचे क्लास आणि नातेवाइकांचे चेहरे येतात. विपुलकडे अशा दोन लाइनी आहेत, एक अमरावतीकडून आलेली आणि दुसरी अकोल्याकडून. अमरावतीची लाइन जेसीबीवाल्यांना फार आवडते. दिसली की तोडतात. म्हणून विपुलने हाताने फिरवायचा एक स्विच आणला. मुठीएवढी लोखंडी डबी, तिला एक खुंटी. खुंटी ‘ए’वर असली की गल्लीला अमरावतीचा उजेड, ‘बी’वर केली की अकोल्याचा.

डबी बसत होती तेव्हा मी तिथेच होतो.

“बिजली कुठून देतं याले?” नत्थुजींनी विचारलं.

“लागत नाई बाबा. आत बारीक भिंग सरकते अन् उजेड इकडचा तिकडे वळते. हातानं फिरवलं की झालं.”

“हातानं?” नत्थुजी डबीपाशी सरकले. “अबे, मंग हा तं सांधाच झाला!”

विपुलने चार स्क्रूंनी डबी बैठकीतल्या भिंतीवर बसवली. तंतू फार वाकला तर उजेड वाटेतच सांडतो, म्हणून त्याचे सैल वेढे करून ठेवले. तंतूची टोकं खास कापडाने पुसली. तेवढ्यात नत्थुजींनी एक टोक उचललं आणि गाडी येते का ते पाहायला सरळ डोळ्याशी नेलं.

“डोया नोका लावू!” विपुल ओरडला. “थो उजेड दिसत नाई, पण डोया घेऊन जाते!”

नत्थुजी असे मागे सरले, जणू अंगावर मालगाडीच आली. पण धक्का ओसरल्यावर चेहऱ्यावर आदर दिसू लागला. ज्या यंत्राने माणसाला इजा होत नाही ते यंत्र त्यांच्या लेखी खेळणं.

त्या दिवसापासून ते ड्यूटीवर रुजू झाले. रेल्वेचा नियम असा, की सांध्यावर गाडी असताना दांडा ओढायचा नाही, ओढला तर डबे घसरतात. उजेडाला चाकं नसतात, खुंटी फिरवली तर डोळा मिटेपर्यंत चित्र थांबेल आणि पुन्हा सुरू होईल, हे विपुलने शंभरदा सांगितलं. नत्थुजींनी ते शंभरदा ऐकून घेतलं आणि थाळी आणली. खुंटी फिरवायची वेळ आली की ते दारात थाळी वाजवत आणि ओरडत, “लाइन क्लिअर द्या!” म्हणजे लाइन मोकळी झाल्याचं कळवा. मग घराघरांतून उत्तर येई, “बंद केलं जी!”

एकदा समोरच्या लीलाबाईंनी अडवून धरलं.

“थांबा ना बाप्पा! सासू मरून रायली!”

“कोनाची?”

“मालिकेतली!”

“किती वेळ लागन?”

“तीन दिवस झाले, मरूनच रायली.”

नत्थुजी थाळी घेऊन तिथेच उभे राहिले. सासू गेल्यावरच त्यांनी खुंटी फिरवली. पुढे कोणा पाहुण्याने गंमत म्हणून खुंटीला हात लावला. दुसऱ्या दिवशी डबीवर पत्र्याचं झाकण, कडी-कोयंडा आणि धान्याच्या गोदामाला शोभेल असं कुलूप आलं. किल्ली ड्यूटीवरच्या माणसापाशी, हाही रेल्वेचाच नियम.

आणि मग नत्थुजी रेल्वेतल्या जुन्या सोबत्याच्या पोराच्या साखरपुड्याला अकोल्याला गेले. किल्लीसह.

त्याच दिवशी अकरा वाजता त्यांच्या सुनेची, रागिणीची मुलाखत होती. अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवण्याची नोकरी होती. मुलाखत कॅमेऱ्यासमोर, घरूनच. लग्नानंतर तिने केलेला हा पहिलाच अर्ज. ती इस्त्रीची साडी नेसून बसली आणि साडेदहाला जेसीबीने अमरावतीची लाइन तोडली. विपुल तुटलेल्या जागी धावला, पण सांधायला दुपार होणार होती. आमच्या गल्लीत मोबाइलवर बोलता येतं, चित्र काही सरकत नाही. पत्र्याच्या आत खुंटी होती आणि अकोल्याचा उजेड येऊन तिथे खोळंबला होता. रागिणीने कुलूप ओढून पाहिलं. मी हातोडा आणला, तर ती म्हणाली, “नको जी, हादरा बसला तर काचच तुटन.”

तिने सासऱ्यांना स्पीकरवर फोन लावला. मागे सनई वाजत होती.

“मामाजी, किल्ली?”

“माह्यापाशी हाये. चिंता नको करू.”

“थेच तं चिंता हाये!”

पार्वताबाईंनी, म्हणजे नत्थुजींच्या मंडळींनी फोन ओढून घेतला. “आवो, पोरीची नोकरी चालली! किल्ली काऊन घेऊन गेले तुमी?”

“चार्ज देल्ल्याबिगर किल्ली देता येत नाई.”

“मंग द्या ना चार्ज! तिथं बुंदी खाऊन रायले अन् इथं पोरगी रडून रायली!”

पलीकडची सनई दूर गेली. मग नत्थुजी हळू आवाजात म्हणाले, “सूनबाईले दे. रागिणी, म्हण, चार्ज घेतला.”

“चार्ज घेतला, मामाजी.”

“आता आयक. कुलपाले हात नको लावू. दुसऱ्या बाजूनं पाय, बिजागरी हाये. तिचे स्क्रू बाहेरूनच हायेत.”

आम्ही तिघं वळलो. स्क्रू खरंच बाहेर होते, चांगले चकचकीत. एवढे महिने आम्ही त्या कुलपाला भ्यालो होतो!

“तुमाले मालूम होतं?” पार्वताबाई किंचाळल्या.

“हाव. लोक कुलूप पायतात. बिजागरी कोनी पायत नाई.”

रागिणीने पेचकस फिरवला आणि पत्रा कुलपासकट बाजूला लोंबू लागला. तिने खुंटीला हात घातला तसा फोनमधून आवाज आला, “थाळी!”

“मामाजी, लाइन मेलेली हाये! कोणाचंच चालू नाई!”

“नेम म्हंजे नेम!”

पार्वताबाईंनी हाताला लागली ती परात बडवली. लीलाबाई दारातून ओरडल्या, “मेलेल्या गाडीले लाइन क्लिअर कायले पायजे जी?” तेवढ्यात रागिणीने खुंटी ‘बी’वर केली. अकराला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर चार अनोळखी चेहरे उगवले आणि पार्वताबाई आणि मी भिंतीला पाठ लावून बसलो.

तिची निवड झाली. खरा धक्का मात्र ती बातमी ऐकून नत्थुजींना बसला.

“थेईनं पोरीले समोर पाह्यलं नाई, कागद हातात घेतला नाई, अन् नोकरी देऊन टाकली? कॉलेज तरी हाये काय तिथं?”

रुजू व्हायच्या दिवशी ते तिच्यासोबत गाडीत बसले. अकोल्याला फाटकापासून ग्रंथालयापर्यंत सगळं कॉलेज त्यांनी पायी तपासलं, एका खांबावर बुक्की मारून पाहिली आणि मग घरी फोन केला.

“पार्वता, हाये वो. पक्क्या विटेचं हाये.”

पार्वताबाई म्हणाल्या, “मंग या आता घरी. पोरीले शिकवू द्या.”

“येतो,” नत्थुजी म्हणाले, “पण पयले तिचा वर्ग सुटू दे. पोट्टे गुमान बसतात का नाई, पायतो खिडकीतून.”