झाकलेला गोल

भावोजींच्या संगणकाच्या पडद्यावर अकरा वर्षं एक काळा गोल होता. आपल्या आकाशगंगेचं नेमकं केंद्र त्या गोलाखाली. तिकडून येणारे गॅमा किरण अवकाशातली दुर्बीण टिपायची, आणि त्यातून वायूच्या ढगांचा, मेलेल्या ताऱ्यांचा, ज्याचा त्याचा वाटा वजा करायचं काम भावोजींचं. सगळं वजा जाऊनही केंद्रात काही उरलं, तर ते आजवर कुणाला न सापडलेल्या पदार्थाचं असू शकेल, एवढ्या आशेवर त्यांनी डोक्यावरचे केस घालवले. नियम एकच: वजाबाकीची रीत पक्की होऊन तिच्यावर गटातल्या सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत गोल उचलायचा नाही. आधी पाहिलं की माणूस हवं तसं उत्तर काढतो.

ताई त्यांना चिडवायची, "अकरा वर्षं झाकण ठेवून शिजवताय. करपलं का ते तरी बघा!"

"वाफ जाईल गं," भावोजी म्हणायचे.

सह्यांना सहा महिने उरले आणि ताईचं दुखणं हाताबाहेर गेलं. एका दुपारी उशीला टेकून ती म्हणाली, "मला दाखवता का हो? माझ्याच्यानं सहा महिने निघायचे नाहीत."

भावोजींनी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि गोल उचलला.

केंद्रात पिवळसर उजेड उरला होता. ताईने हात जोडले. "देवा, किती शांत आहे हे!" तिच्या डोळ्यांना धार लागली. भावोजी मात्र पडद्याकडे वाकले. उजेड एका अंगाला कलंडला होता, आणि त्याच अंगाचा ढग त्यांनी कमी वजा केला होता. नवं काहीच नव्हतं. उरली होती ती त्यांचीच चूक.

"छान आहे ना?" ताईने विचारलं.

"छान आहे."

चूक सुधारावी, तर ती गोल उचलल्यावर सापडलेली; आता हात लावायची सोय नाही. न सुधारावी, तर खोटा उजेड जगापुढे जाणार. ताई गेल्यावर तीन आठवड्यांनी ते गटप्रमुख बाईंसमोर उभे राहिले.

"मी गोल उचलला होता. तिच्यासाठी. आणि त्यात—"

बाईंनी हात वर केला. "काय दिसलं ते मलाही सांगू नका. ज्याने पाहिलेलं नाही अशा माणसाकडून सगळं पहिल्यापासून करून घ्यावं लागेल."

"किती वर्षं?"

"चार-पाच."

भावोजींच्या निवृत्तीला दोन उरली होती.

"आणि कुणाजवळ बोलू नका. घरीसुद्धा."

"घरी कोण आहे आता?" भावोजी म्हणाले.

संध्याकाळी शेजारीण चहा घेऊन आली. ताईने तो उजेड येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वर्णन करून सांगितला होता. "जाताना तुमच्या कष्टांचं चीज बघून गेली हो," शेजारीण म्हणाली. "देवाने तेवढं तरी तिच्या पदरात घातलं."

"हो," भावोजी म्हणाले, आणि अर्धा चहा तसाच ठेवून कप विसळायला उठले.