गुडघ्यांचं निमित्त

आमच्या अलिबागच्या कोळीवाड्यात बायांनी होडीत चढायचं नाही, अशी रीत. नवरा चाळीस वर्षं दर्यात, आणि मी किनाऱ्यावर बोंबील वाळवत त्याची वाट बघायची. यंदा नात पूर्वीनं मला मोठ्या जहाजातून फिरायला नेलं. जहाज गोव्याला लागलं.

"आजी, चल, उतरू."

"गुडघे दुखतात गो. तू जा."

साफ खोटं! किनारा जन्मभर पाहिलेला. मला जहाजातच बसायचं होतं.

तासाभरात पूर्वी गोवा न बघताच परतली. हातात मलम. खाली बसून माझे धडधाकट गुडघे चोळू लागली. तोंड कुठं लपवू असं झालं मला.

पुढच्या बंदराला मी सगळ्यांआधी उतरले.

"मलम गुणाचं निघालं!" पूर्वी हरखली.

मी आपली मान डोलावली. खरं अजून सांगितलेलं नाही.