सुपातून उडालेलं बी

आमरीचं वेड मला पुण्याला कॉलेजात लागलं. आमरी म्हणजे झाडाच्या फांदीवर मुळं पसरून राहणारं रानातलं ऑर्किड. तिचं बी पिठाहून बारीक असतं आणि काचेच्या बाटलीत त्याची रोपं करता येतात, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी वर्गात उभीच राहिले. "सर, आमच्या सातपुड्यात आहे एक!"

तळोद्याहून वर, एका पाड्याशेजारच्या जुन्या आंब्यावर होती ती. पिवळट-तपकिरी फुलं, त्यात निळसर ओठ, आणि वास तर असा की चालता माणूस थांबावा! पण तिथून नवा रस्ता जायचा होता, आंब्यावर तोडीचा शिक्का बसला होता. तशी दुसरी मला त्या भागात कधी दिसली नव्हती. सर म्हणाले, "पिकलेल्या शेंगा आण. निम्मं बी पेरू, निम्मं सुकवून थंड कपाटात जपू. झाड गेलं तरी बी राहील."

होळीच्या सुट्टीत जीपने वर गेले. पाड्यातले एक पावरा आदिवासी बाबा सत्तरीचे असतील, पण आंब्यावर सरसर चढले. चार शेंगा पिवळ्या पडलेल्या. तीन काढल्या, चौथीला हात लावेनात.

"तीपण काढा ना, बाबा!"

"हाई झाडनी," ते वरूनच म्हणाले.

मध काढा नाहीतर चारोळी, थोडं झाडावर ठेवायचंच, अशी त्यांच्याकडची रीत. मी पहिल्यापासून तापट. "अहो, झाडच तोडणारेत! वाटा घेऊन ते करणार काय?" बाबा खाली उतरले, बिडी पेटवली, विषय संपला. मी पाय आपटत जीपमध्ये बसले.

घरी ब्राह्मणपुरीला शेंगा ओट्यावर कागदावर मांडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना चिरा पडू लागल्या आणि मी नाचायचीच बाकी राहिले! बुचाच्या बाटल्या आणायला शहाद्याला पळाले. सगळ्या गल्लीला बढाया मारून झाल्या होत्या, पण हे बी दिसतं कसं ते आईला सांगायचं राहिलंच.

परत येते तर आई सूप घेऊन बसलेली. तिच्या हातच्या बियाण्याचं भावकीत नाव होतं. पाखडल्याशिवाय दाणा ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही. लेकीचं बी पुण्याला चाललंय, ते नीट करून द्यावं, म्हणून तिने शेंगा फोडल्या होत्या.

"अव माय, कीड लागेल व्हती तुन्ह्या शेंगासले. एक दाना नही, निस्ता भुगा! पाखडी टाका मी."

"कप्पाळ माझं! तो भुगाच बी होतं, आई!" मी एवढ्याने ओरडले की शेजारीण डोकावली. आई रिकामं सूप धरून तशीच बसली, डोळे भरलेले. मला तिची दया आली नाही, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने वर निघाले. एक शेंग आहे अजून, आहे, आहे, असं सगळ्या घाटात घोकत होते. शेवटचं वळण घेतलं आणि समोर आंबा नव्हताच. ताजा तोडलेला बुंधा होता, भुसा होता.

तेवढ्यात बाबांची हाक आली. त्यांच्या घरामागच्या मोहाच्या झाडाला आंब्याची एक फांदी दोरीने करकचून बांधलेली. तोडणाऱ्यांकडून मागून घेतली होती त्यांनी. फांदीवर आमरी, आणि आमरीवर ती चौथी शेंग, पळसाच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली.

"झाड गये," बाबा म्हणाले. "आते तू ली जाय."

मी हसत होते की रडत होते, देव जाणे. भर उन्हात त्यांच्या पाया पडले. ती शेंग मांडीवर धरून पुण्यापर्यंत गेले, डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

दिवाळीला घरी येताना सरांनी रोपांची एक बाटली दिली. कॉलेजच्या थंड कपाटात सुकवलेल्या बियांच्या चार बाटल्या होत्या. घरी आईने माझी बाटली उजेडात धरली. तळाशी रोपांचं खाद्य घट्ट खळीसारखं, त्यावर मोहरीएवढे हिरवे ठिपके, कुणाकुणाला इवलं पानही फुटलेलं.

"हाऊ तोच भुगा शे?"

"तोच."

"मंग मी कितला उडाई टाकात?"

एकेका शेंगेत बी लाखांनी असतं, हे मला पाठ होतं.

"थोडंसंच गं, आई," मी म्हणाले.