बाबांचा लॅपटॉप आणि माझी अठरा रुपयांची क्रांती

लाज वाटायला हवी काही लोकांना! चोरीची सीडी चार-चार कम्प्युटरमध्ये घालायची, वर तीच सीडी पाहुण्यारावळ्यांना वाटायची, आणि पोरांना मात्र सांगायचं की दुसऱ्याच्या झाडाची बोरं तोडू नका. अशा लोकांमुळेच हा देश मागे राहिलाय!

हे भाषण मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना दिवसातून दोनदा द्यायचो. एकदा मेसमध्ये आणि एकदा जो कोणी हाताला लागेल त्याला. आज ते आठवलं की कान गरम होतात. कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण विषय निघालाच आहे, तर सांगून मोकळा होतो. तुम्ही चहा प्या. माझा निवला तरी चालेल.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. गावाला एक जुना तलाव आहे, त्याच्या पाण्यावर उन्हाळी धान होतं. तलाव भरलेला असला की सगळे एकमेकांना रामराम घालतात. तो अर्धा राहिला की पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जाणार यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. त्या वर्षी तलाव अर्धाच होता.

बाबा तहसील ऑफिसातून बाबू म्हणून रिटायर झालेले. अख्खं गाव त्यांना गोपाळबाबू म्हणतं. पाणीवाटपाची यादी करायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. चौदा घरं, सहा बैठका, आणि प्रत्येक बैठकीत कोणीतरी चप्पल घालून तरातरा निघून जायचं. शेवटी बाबा म्हणाले, "माझा नंबर शेवटचा टाका. आता बोला." तेव्हा कुठे जमलं. मग बाबांनी जुने खाडाखोडीचे कागद सगळ्यांसमोर फाडले, म्हणजे उद्या कोणी जुना कागद नाचवायला नको. पक्की यादी त्यांनी आपल्या लॅपटॉपवर टाइप करून ठेवली. आता तिची प्रिंट काढायची, रविवारच्या बैठकीत सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि सोमवारी पाणी सोडायचं.

हा लॅपटॉप म्हणजे काय सांगू! बाबांनी रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतलेला. चालू करून आंघोळीला जायचं, कपडे वाळत घालायचे, मग येऊन बसायचं. आणि आत काय? विंडोज एक्सपी! तिचे अपडेट कंपनीने बंद केलेले. आणि तीही चोरीची!

मी सुट्टीत घरी आलो होतो. बाबांना घेऊन गोंदियाच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "नया ओरिजिनल डालोगे तो मशीन से महंगा पडेगा, भैया. दो सौ दो, मैं डाल देता हूँ. ओरिजिनल जैसा ही चलेगा."

"ओरिजिनल जैसा?" मी तिथल्या तिथे भाषण सुरू केलं. दुकानदार शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माउस पुसत राहिला. बाबा माझी बाही ओढत म्हणाले, "चल ना बाबू, बस निघून जाईल."

जाताना मी एक कोरी डीव्हीडी घेतली. अठरा रुपये. त्यावर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स टाकायची. फुकट, कायदेशीर, जुन्या मशीनवर हरणासारखी पळणारी! क्रांती म्हणतात ती हीच.

शुक्रवारी बाबा सालेकशाला निघाले. आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता. निघताना त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. "रविवारी दुपारी बैठक आहे, तोवर यादीची प्रिंट आणून ठेव. बाकी कशाले हात लावू नको."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही परत याल तेव्हा लॅपटॉप ओळखणार नाही!"

हे मात्र खरं ठरलं.

शनिवारी मी कामाला लागलो. आणि ऐका, मी मूर्ख नव्हतो! बाबांच्या सगळ्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग जुनं सगळं साफ केलं आणि नवं टाकलं. लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू झाला! मी आईला हाताला धरून दाखवायला आणलं. आई म्हणाली, "छान. यादीची प्रिंट काढली का?"

काढतो ना! फाइल उघडली.

यादीत एकही मराठी अक्षर नव्हतं. सगळी इंग्रजी अक्षरं, मध्येच अर्धविराम, चौकोनी कंस, टक्क्याची खूण. कोणी कीबोर्डवर शेळी चालवल्यासारखं. दुसरी फाइल उघडली, तसंच. बाबांची आजवरची पत्रं, अर्ज, सगळं तसंच!

कॉलेजात कम्प्युटर शिकणाऱ्या माणसाने यावर काय निदान करावं? मी केलं, व्हायरस. का? चोरीच्या सीडीतून आणखी काय येणार! अजून तपासावं, कोणाला विचारावं, हे मला सुचलंच नाही. मला उत्तर लगेच लागतं आणि ते माझ्या भाषणात बसणारं असलं की मी पुढे बघत नाही.

बाबांना फोन करायचा होता की! पण "लॅपटॉप ओळखणार नाही" हे वाक्य आड आलं. मग मी माझ्या मते फार हुशार उपाय काढला. आपापला नंबर तर प्रत्येकाला माहीतच आहे. घरोघरी जायचं, विचारायचं, यादी पुन्हा टाइप करायची. लोकांवर विश्वास ठेवला पाहिजे! लोकशाही म्हणजे तरी दुसरं काय?

रविवारी सकाळी वही घेऊन निघालो. पहिलं घर सुखरामकाकांचं. ते दात घासत होते.

"काका, तुमचा पाण्याचा नंबर कितवा ठरला होता?"

त्यांचा हात थांबला. "काऊन? यादीत नाही का?"

"आहे ना, आहे! मी फक्त तपासून राहिलो."

काकांनी चूळ भरली. माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, वहीचं कोरं पान पाहिलं. मग म्हणाले, "पहिला."

मी लिहिलं. पुढे विठ्ठलभाऊ.

"माझा दुसरा," ते म्हणाले. मग मान वाकडी करून वहीत डोकावले. "सुखरामनं कितवा सांगितला?"

"पहिला."

"असं का? मंग माझा बी पहिलाच!"

पाचव्या घरापर्यंत माझ्याकडे तीन पहिले आणि एक "पहिल्याच्या बी आधी" असे नंबर जमले. एकट्या धुरपताबाईने सरळ सांगितलं. विधवा बाई, दोन बांध्यांची मालकीण. "माझा नववा हाय. लिव."

सहाव्या घरी जायची वेळच आली नाही. लोकच माझ्यामागे आले.

"खरं सांग गा, यादी हाय का गेली?"

"व्हायरसने खाल्ली," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हणजे कम्प्युटरमधला किडा."

विठ्ठलभाऊ विचारात पडले. "सगळ्याइचेच नाव खाल्ले, का नुसते आमचेच?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण समोर वीस माणसं उभी असली की माझ्या अंगात येतं. मी पाराच्या कट्ट्यावर चढलो. होय, चढलो! आणि चोरीच्या सॉफ्टवेअरवरचं माझं भाषण सुरू केलं. शेवट मी असा केला, "स्पष्ट सांगतो, माझ्या बाबांनी चोरी केली, म्हणून आज ही वेळ आली आहे!"

मला वाटलं, केवढा हा माझा निःपक्षपातीपणा! स्वतःच्या बापालाही सोडलं नाही!

गावाने त्यातलं सॉफ्टवेअर सोडलं आणि चोरी तेवढी घेतली. मी घरी पोचेपर्यंत बातमी पुढे पोचली होती. गोपाळबाबूंनी यादी गायब केली. काऊन? त्यांचा नंबर शेवटचा होता ना! आणि सांगितलं कोणी? खुद्द त्यांच्या पोरानं, कट्ट्यावर उभं राहून!

दुपारी बाबा आले तेव्हा अंगणात मावत नव्हती इतकी माणसं. बाबांच्या खांद्याला पिशवी, हातात साखरपुड्याच्या लाडवांचा डबा.

"काय झालं जी?" बाबांनी हसत विचारलं.

सुखरामकाका पुढे झाले. "गोपाळबाबू, शेवटचा नंबर नको होता तर बैठकीतच बोलाचं होतं. यादी कायले उडवली?"

बाबांचं हसू तसंच राहिलं, पण त्यात काही उरलं नव्हतं. तीस वर्षं ज्या माणसाने ऑफिसात कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, त्याने हे आपल्या अंगणात ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लाडवांच्या डब्याकडे.

"बाबा, व्हायरस..." मी सुरुवात केली.

"दाखव."

मी लॅपटॉप आणून खाटेवर ठेवला. बाबांनी चष्मा लावला. थोडा वेळ पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग असता तर बरं झालं असतं. ते नुसतं आश्चर्य होतं.

"यात काय झालं? आपला मराठी फॉन्ट नाही टाकलास, एवढंच ना. यादी तर पूर्ण हाय."

"कुठे?"

"हे काय समोर." आणि बाबांनी वाचायला सुरुवात केली, जसं आपण पेपर वाचतो.

मी सांगतो काय झालं ते. बाबांचा फॉन्ट जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीचा होता. बोट पडतं इंग्रजी अक्षराच्या बटणावर, दिसतं मराठी अक्षर. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. बाबांनी आयुष्यभर त्याच बटणांवर मराठी टाइप केलेलं. त्यांच्या बोटांना तो गोंधळ मराठीच होता. व्हायरस वगैरे काही नव्हतंच. मी तरी आयुष्यात मराठीत एक पत्र कधी टाइप केलं होतं?

पण लोक ऐकेनात. विठ्ठलभाऊ म्हणाले, "इथं तर नुसती एबीसीडी हाय. गोपाळबाबू मनानं बोलून राहिले."

 बाबांनी खाटेजवळची खुर्ची फिरवली आणि स्क्रीनकडे पाठ करून बसले. हात मांड्यांवर. मला म्हणाले, "तू वाच. एकेक अक्षर. जसं दिसते तसं."

मी वाचू लागलो. कॉलेजचा टॉपर, पोपटासारखा! एकेक ओळ वाचायची, बाबांची बोटं मांडीवर हलायची आणि एकेक नाव बाहेर यायचं. प्रत्येक नावाला अंगणातलं कोणीतरी मान खाली घालायचं. सहावी ओळ आली. "एल, क्यू, चौकोनी कंस, के, जे, के, ई."

"सुखराम," बाबा म्हणाले.

अंगण सुखरामकाकांकडे वळलं. काका म्हणाले, "सहावाच होता जी माझा. मी तं पोराची परीक्षा घेऊन राहिलो होतो."

नववी ओळ धुरपताबाईची निघाली. मी काय वाचतोय हे मला कळत नव्हतं आणि स्क्रीनवर काय आहे हे बाबांना दिसत नव्हतं. यात लबाडी शिरणार कुठून? अंगणातला आवाज हळूहळू बसत गेला.

शेवटची ओळ, चौदावी. "एक्स, के, एस, आय, के, मोठा जी."

बाबांची बोटं मांडीवर हलली. पण ते बोललेच नाहीत.

मी पुन्हा पाहिलं. तेरा ओळी वाचून एवढं कळलं होतं की 'के' म्हणजे काना. 'आय' म्हणजे 'प', तो वर कुठेतरी आला होता. शेवटचा 'मोठा जी' यादीत वर आलेल्या, विठ्ठलभाऊंच्या गल्लीतल्या बाळूच्या नावातही होता. मी अडखळत, बोट ठेवून, जोडून जोडून वाचलं.

"गो... पा... ळ."

 कट्ट्यावरून ओरडलेलं माझं एकेक वाक्य मला परत ऐकू येत होतं. बाबांनी डबा उघडला आणि पहिला लाडू सुखरामकाकांना दिला. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी लिनक्ससकट आत जावं.

तेवढ्यात मागून धुरपताबाई उठली, पदर खोचला आणि जाता जाता बाबांना म्हणाली, "वाचाले लागला जी तुमचा पोट्टा. आता पुढच्या साली दुसरीत बसवा."