आत्यांनी पसंत केलेलं ड्रिल मशीन

कळंब्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि हॉलच्या खिडकीतून गारगोटीला जाणारा रस्ता दिसतो. फ्लॅट घेताना याचंच कौतुक होतं. सासरचं गाव गारगोटीच्या पलीकडं, खाली उतरलं की एसटी. पुढं हीच खिडकी आम्हाला नको होईल, असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य म्हशी राखण्यात आणि गावच्या दूध संस्थेत माप घेण्यात गेलं. पहाटे संस्थेत बसून कुणाच्या दुधात पाणी आहे ते त्या मोठ्यानं सांगायच्या, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. घरात बसलेली बाई म्हणून मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. सासरे गेले, म्हशी विकल्या, आणि वर्षभरात आत्यांना माणसं ओळखू येईनात. एकदा चुलीवर रिकामं पातेलं ठेवून त्या शेजारी जाऊन बसल्या, तेव्हा आम्ही त्यांना इकडं आणलं. मी एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेबाचं काम करायचे, ते सोडलं. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. सकाळी कंपनीची बस घेऊन जाते आणि संध्याकाळी आणून सोडते. मधला सगळा वेळ आत्या आणि मी.

खिडकीतून लाल गाडी दिसली की त्या उठायच्या. कापडी पिशवीत एक लुगडं, एक तांब्या. "मी जातो गारगोटीला. धारंचा वकुत झाला," असं म्हणून दाराकडं निघायच्या. मी हाताला धरून परत आणायचे. थोड्या वेळानं पुढची गाडी. कुणी म्हणेल, मग न्यायचं की एकदा. नेलं होतं. गावच्या घराच्या उंबऱ्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हे कुणाचं घर? चला, उशीर झाला, गारगोटीला जायाचं हाय."

मग एका दुपारी मी आंघोळ करून बाहेर आले तर दार सताड उघडं. खाली पळाले. स्टॉपवर नाहीत, किराणा दुकानात नाहीत. ओल्या केसांनी मी रस्त्यानं हाका मारत फिरत होते. शेवटी दुधाचा एक टेम्पो येऊन थांबला आणि ड्रायव्हरशेजारी आत्या बसलेल्या. "वैनी, ह्या तुमच्याच न्हवं? लांब रस्त्याच्या कडंनं चालल्यात्या, पायात चप्पल न्हाय. म्हशी सोडायच्या राहिल्यात म्हनत्यात."

डॉक्टरांनी सांगितलं, मुख्य दाराला अगदी वर कडी बसवा, त्यांचा हात पोचणार नाही अशी. बाथरूममध्ये धरायला दांडा लावा. मी सुताराला फोन केला. तो म्हणाला, "वैनी, एका कडीसाठी कोण येतंय? चार-पाच कामं साठवा, मग हाक मारा." चार-पाच कामं सांगितली तरी आला नाही. नवरा म्हणायचा रविवारी बघू. रविवारी तो झोपायचा, आणि आठवडाभर मशीनसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला उठवायला मला जीव व्हायचा नाही.

तोवर मी आंघोळ दार उघडं ठेवून करत होते. कचऱ्याची बादली खाली न्यायची तर आत्यांना सोबत घेऊन. बहिणीच्या मुलीचं बारसं चुकलं. एकदा भाजीवाल्यानं खालून हाक मारली आणि मी खिडकीत उभी राहून नुसतीच बघत राहिले, कारण खाली जायचं म्हणजे आत्यांना चप्पल घालण्यापासून सुरुवात.

मी ठरवलं, आपणच ड्रिल मशीन घ्यायचं.

आत्या दुपारी डुलकी घेत तेव्हा मी फोनवर शोधायचे. वायरचं मशीन नको होतं. मुख्य दाराजवळ प्लगच नाही, आणि स्वयंपाकघरातून वायर ओढली की आत्या तिच्यात पाय अडकून पडणार. म्हणजे बॅटरीचं. पण बॅटरीची शंभर प्रकारची. बारा व्होल्ट, अठरा व्होल्ट, वीस व्होल्ट. काही नुसतीच मशीनं, काहींच्या सोबत सुटकेस भरून करवत, पाना, पक्कड, टेप. एक माणूस व्हिडिओत काँक्रीटला भोकं पाडून हसायचा, दुसरा तेच मशीन टाकाऊ म्हणायचा. बघता बघता आत्या जाग्या व्हायच्या आणि माझं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"तुला चालवाय येणार हाय का?" नवऱ्यानं विचारलं.

"शिकीन."

"हात-बित भोसकून घेशील."

"मग तुम्ही येताय का दुकानात?"

त्यालाही ठाऊक होतं, तो येणार नव्हता.

आत्यांना घरी सोडता येत नव्हतं, म्हणून त्यांना रिक्षात घालून मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले. त्या खूश होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांना वाटलं आपण गारगोटीला चाललो. हत्यारांच्या दुकानात मालकानं त्यांना स्टूल दिलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "सायब येणार हाईत का बघायला?"

"मलाच पाहिजे."

"बरं. काम काय करायचं?"

"घरातली किरकोळ."

"किरकोळ म्हंजे? काम कळलं तर मशीन सांगतो की. लाकडात मारायचं का भितीत?"

"दोन्ही."

"लाकडात काय?"

मी अडखळले. आत्या हातभर अंतरावर बसलेल्या. बोर्ड लावायचाय, फोटो लावायचाय, असं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच बोलल्या. "मला कोंडाय पायजे तिला."

आवाज तोच, दूध संस्थेतला. खिळे मोजून घेणारं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. माझे कान तापले. मी त्यांना घरात कधीच काही सांगितलं नव्हतं. नवऱ्याशी बोलताना, डॉक्टरांशी फोनवर बोलताना, सगळं त्यांच्या कानावर पडत होतं आणि कुठंतरी साठत होतं.

मालक हळू आवाजात म्हणाला, "आज्जी, तुमास्नी कशाला कोंडतील?"

"पळून जातो न्हवं का मी," आत्या म्हणाल्या. रागानं नाही. गाय लाथ मारते हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावं, तसं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी फळीवरच्या खोक्यांकडं बघत राहिले. मालकानं एक मोठं मशीन काढून काउंटरवर ठेवलं. वीस व्होल्टचं, लोक हेच नेतात म्हणाला. मी उचलायच्या आधी आत्यांनी उठून ते दोन्ही हातांनी उचललं, दुधाची किटली तोलतात तसं तोललं.

"जड हाय. ह्येनं मनगाट जाईल तिचं. ते बारकं बघू."

बारकं बारा व्होल्टचं होतं. मालकानं बॅटरी बसवून दिली. आत्यांनी बोट दाबलं, मशीन गरकन फिरलं, त्या दचकल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या. पुन्हा दाबलं, पुन्हा हसल्या. मग माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे घे. तुझ्या हाताला बसतंय."

मालक म्हणाला, घरच्या कामाला तेवढं पुष्कळ. भिंतीत ठोकून भोक पाडायची सोय त्यातही आहे, फक्त टाइल फुटू द्यायची नसेल तर आधी ठोका बंद ठेवून सावकाश फिरवायचं. सुटकेसवालं मी विचारलं, तर म्हणाला, "निम्मी हत्यारं पेटीतच म्हातारी व्हतील, वैनी. त्यापरीस दुसरी बॅटरी घ्या. एक चार्जिंगला, एक हातात." मी तसंच केलं. ज्या बाईला कोंडायचं तिनंच मशीन पसंत केलं होतं, आणि परतीच्या रिक्षात ती खोकं मांडीवर घेऊन बसली होती.

कडी बसवताना मी स्टुलावर उभी होते. आत्या खाली, तळहातावर स्क्रू घेऊन. मागितला की एक वर द्यायच्या. पहिलं भोक वाकडं गेलं, दुसरं बरं. कडी सरकवून बघितली, घट्ट बसली. त्या दिवशी दुपारी गाडी दिसल्यावर आत्या पिशवी घेऊन दाराशी गेल्या. खालची कडी काढली. दार हलेना. त्यांनी वर पाहिलं, टाचा उंचावल्या, हात पोचला नाही. खूप वेळ दाराला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, चिरतच राहिले. संध्याकाळी बाथरूमचं दार लावून आंघोळ केली. पाणी गार होईस्तोवर आत बसले.

त्यानंतर त्यांना एक नवीन सवय लागली. दिसेल ते दार लावायचं आणि कडी घालायची. कपाटं, संडास, देवघराची झडप.

एके सकाळी मी स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी हूक बसवत होते. दूध गॅसवर ठेवलं होतं. भिंतीत मशीन फिरत होतं म्हणून ऐकू आलं नाही. थांबवलं तर गॅलरीचं दार बंद. ढकललं, आतून कडी.

"आत्या, दार उघडा."

खिडकीतून त्या दिसत होत्या, ओट्याशी उभ्या. पातेल्यात साय हलायला लागलेली. मी ओरडले. त्यांनी बघितलं नाही. फोन हॉलमध्ये. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडं आमची किल्ली असते, हाक मारली तर त्या धावत येतील, हे आठवून बरं वाटलं, आणि लगेच दुसरं आठवलं. किल्लीनं दार उघडणार नव्हतं. वरची कडी आतून होती. ती मीच इतकी घट्ट बसवलेली. आत आत्या, त्यांचा हात पोचत नाही. बाहेर काकू, त्यांना येता येत नाही. मधे उकळणारं दूध आणि ज्योत विझली तर गॅस. मी गॅलरीत, खाली तीन मजले.

खिडकीला गज होते, दारापासून हातभर. गजांवर बाहेरून डासांची जाळी, तिची चौकट स्क्रूंनी मारलेली. मी मशीनचं टोक बदललं, फिरायची दिशा उलटी केली आणि स्क्रू काढायला लागले. घाईत टोक खाचेतून घसरत होतं. दोन-तीन निघाले, एक गंजलेला, तो निघेना. मी ओरडतच होते, "आत्या, दूध! दूध बघा!"

दूध वर आलं. काठाशी आलं. आणि आत्यांनी शांतपणे हात पुढं करून गॅस बंद केला. पदरानं पातेलं खाली उतरवलं. मग खिडकीकडं वळल्या आणि मला पाहून त्यांना नवल वाटलं.

"भाईर काय करतीस?"

"दार लावलंय तुम्ही."

"कोंडलं व्हय तुला?" त्या दाराजवळ आल्या, कडीला हात लावला, पण काढायची कशी ते त्यांना सुचेना. नुसत्या तिच्यावर बोट फिरवत राहिल्या. मी जाळी वाकवून खांद्यापर्यंत हात आत घातला, गजानं दंड सोलला, आणि कडी ओढली.

आत येऊन मी फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. त्यांनी वाटीत दूध ओतून माझ्यापुढं ठेवलं.

त्याच दिवशी मी मुख्य दाराची वरची कडी काढून टाकली. लाकडात भोकं राहिली, ती तशीच आहेत. तिथं आता दार उघडलं की वाजणारी बेल आहे. बेल वाजली की हातातलं टाकून मी चप्पल घालते आणि आत्यांच्या मागून जिना उतरते. आम्ही स्टॉपवर बसतो. गाडी आली की बहुतेकदा त्याच म्हणतात, "गर्दी हाय, फुडच्या गाडीनं जाऊ." कधी म्हणत नाहीत, तेव्हा ओढाताण होते. पाऊस असो, ऊन असो, दिवसातून कितीदा ते मी मोजत नाही. याला सुटका म्हणता येणार नाही.

नवऱ्याला हे सगळं मी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. एका रविवारी मला ताप होता आणि बेल वाजली तेव्हा तो उठला. दोघं गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्याचा शर्ट खांद्याशी उसवलेला होता. आत्या सरळ जाऊन झोपल्या.

"गाडीत चढली," तो म्हणाला. "दांडी सोडंनाच. मग मी बी चढलो. वाटंत इस्पुर्लीला उतरवताना हात सोडवून घेत हुती माझा. चोर, चोर म्हनून वरडली. सगळी गाडी बघत हुती."

मी त्याच्यापुढं पाणी ठेवलं.

"तुला बी असं म्हनती?"

"कधी कधी."

तो खुर्चीत बसून राहिला, चपला पायातच. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी बी मीच जातो."

मी त्याला शर्ट काढून द्यायला सांगितलं, शिवायला.