एकाच दगडावरच्या तीन नोंदी

नागम्मांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पावती काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "या नंबरचं नाव यादीत कुठं आहे, ते दाखव."

मी कॉम्प्युटरवर यादी उघडून नंबर टाकला. नव्हता. पुन्हा टाकला.

"दिसत नाही, अज्जी."

"मग नीट बघ. तू टेलर पांडुरंगची मुलगी ना? ती कॉलेजला जाणारी? यादी तुझ्या ऑफिसात झाली असं कळलं, म्हणून दोन बस बदलून आले."

आमचं बोलणं कानडीत चाललं होतं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. आमच्या घरची मराठी म्हैसूरची, निम्मी कानडी मिसळलेली, तेव्हा कुठे चुकलं तर समजून घ्यावं.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय लोकप्रशासन. त्याबरोबर गोकुलममधल्या एका छोट्या संस्थेत अर्धवेळ काम करते. ऑफिस वरच्या मजल्यावर आहे. खाली योगाचा वर्ग आहे आणि त्यांच्या धुतलेल्या चटया आमच्या जिन्यात वाळत असतात. संस्थेला शहरातल्या काही वॉर्डांमधल्या फेरीवाल्यांच्या सर्व्हेचं काम मिळालं होतं. रस्त्यावर बसून विकणाऱ्या प्रत्येकाला भेटायचं, फोटो काढायचा, मोबाइलवर त्याच्या जागेचा जीपीएस बिंदू नोंदवायचा आणि एक पावती द्यायची. या नोंदींमधून यादी तयार होते. यादीत नाव असेल त्याला सर्टिफिकेट मिळतं. लष्कर मोहल्ल्यातला रस्ता नव्याने होणार होता. झाल्यावर कडेला रंगाने चौकोन आखायचे आणि सर्टिफिकेट असलेल्यांनी त्यात बसायचं, असं ठरलं होतं. बाकीच्यांना रिंग रोडपलीकडची मोकळी जागा.

नागम्मा केळीची पानं विकतात. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे मोहल्ल्यातल्या मेस आणि छोटी हॉटेलं. रिंग रोडपलीकडे पानावर जेवायला कोण येणार होतं?

"शुक्रवारी मीटिंगमध्ये यादी पक्की होते म्हणतात," त्या म्हणाल्या. "आज सोमवार. माझं नाव गेलं कुठं?"

नाव कुठे गेलं हे मला तोपर्यंत समजलं होतं, पण मी लगेच सांगितलं नाही. "उद्या कळवते," म्हणाले. त्यांनी पावती परत पिशवीत घातली, पिशवी कमरेला खोचली आणि जिन्यातल्या चटया बाजूला सारत खाली गेल्या.

माझ्या कॉम्प्युटरवर 'डुप्लिकेट' नावाची एक फाइल होती. ती मीच बनवली होती.

झालं होतं असं. सर्व्हे संपल्यावर शुभा मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला सगळ्या नोंदी दिल्या आणि सांगितलं, "डेटा क्लीन कर." डेटा क्लीन करणं म्हणजे चुकीच्या आणि दोनदा आलेल्या नोंदी काढून टाकणं. कसं करायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. ऑफिसात काही कळलं नाही तर ते इतरांना ठाऊक असणार, असं धरून मी गप्प बसायचे. म्हणून नियम माझा मीच केला. दोन नोंदी तीन मीटरच्या आत असतील तर माणूस एकच समजायचा. शेवटची नोंद ठेवायची, आधीच्या काढायच्या. शंभराहून जास्त नावं गेली. मॅडम म्हणाल्या होत्या, "छान, स्वच्छ यादी झाली." मला दोन दिवस बरं वाटत होतं.

ती फाइल मी उघडली. नागम्मा, केळीची पानं, सकाळी सहा. त्याच बिंदूवर शिवण्णा, छत्र्या आणि चेन दुरुस्ती, दुपारी बारा. दोघंही काढलेले. ठेवलेली नोंद सलीमभाईंची, चुरमुरी, संध्याकाळी सहा.

बंद पडलेल्या हार्डवेअरच्या दुकानासमोर एक रुंद, सपाट दगड आहे. डावा कोपरा तुटलेला. आमच्या घरापासून दोन गल्ल्या. सकाळी कॉलेजला जाताना तिथे मी रोज नागम्मांना बघते. संध्याकाळी परतताना त्याच ठिकाणी सलीमभाईंकडून कितीदा चुरमुरी, म्हणजे आमच्याकडची भेळ, घेतली आहे. तिघांनाही मी लहानपणापासून ओळखते. फाइलमध्ये मात्र मला फक्त आकडे दिसले होते.

त्या संध्याकाळी घरी हे सांगितलं. आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. आमच्याकडे मशीन एकच आहे. दुपारपर्यंत त्यावर अप्पा गणवेश शिवतात, नंतर आई बसते.

अप्पांनी नियम ऐकला. कात्री खाली ठेवली. "म्हणजे तू आमच्या घरचा सर्व्हे केलास तर एक मशीन, एक टेलर. शेवटी तुझी आई बसते, तर मी गेलो. आयतु, संपलं."

"तुम्ही कुठं जाताय? कॉफी प्यायला येणारच," आई मशीन न थांबवता म्हणाली.

हसायला आलं, पण जेवण नीट गेलं नाही.

मंगळवारी सकाळी मी मॅडमच्या केबिनबाहेर थोडा वेळ उभी राहिले. मग आत गेले.

"मॅडम, यादीत चूक आहे. माझी."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रिपोर्ट गेलाय. हरकतींसाठी यादी बाहेर लागलीय. आता सांगतेस?"

"काल कळलं."

"फील्डवाल्यांनी खरंच दोनदा भरलेलं असेल."

"काहींचं असेल. सगळ्यांचं नाही."

"काहींचं म्हणजे कितींचं?"

"माहीत नाही."

"शुक्रवारी कमिटीसमोर हेच सांगणार? माहीत नाही?"

"नाही मॅडम. मला बुधवार आणि गुरुवार द्या. जाऊन बघते. शुक्रवारी जे कळलं असेल ते मी स्वतः सांगेन."

मला वाटलं आता नोकरी जाते. "नियम तू केलास हे खरं," त्या म्हणाल्या, "पण सही माझी आहे. सर्व्हेची दोन मुलं बरोबर घेऊन जा. फोटो आणशील तो वेळेसकट आण. तोंडी काही चालणार नाही."

बाहेर आल्यावर मी नागम्मा अज्जींना फोन केला. नाव मीच काढलं होतं, हे सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं. आता घाल."

बुधवारी पहाटे साडेपाचला मी दगडाजवळ होते. दगड ओला होता. पाऊस नव्हता. थोड्या वेळात नंजनगूडच्या पहिल्या बसने नागम्मा आल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले पानांचे दोन भारे, एक डोक्यावर, एक काखेत.

"दगड ओला कसा, अज्जी?"

"सलीम रात्री उशिरा धुऊन जातो. त्याचं तेल माझ्या पानांना लागलं तर मेसवाले घेणार नाहीत."

त्यांनी पानं निवडली. चांगली एका बाजूला, फाटलेली एका बादलीत, पाण्यात. नऊला भारे संपले. त्या उठल्या, जागा झाडली, बादली मात्र तिथेच ठेवली. साडेनऊनंतर शिवण्णा आले, त्यांनी भिंतीच्या खिळ्याला आपल्या छत्र्या अडकवल्या आणि बादली सावलीत सरकवली. चार वाजता ते उठले, सलीमभाई आले. त्यांनी बादलीतली पानं पुसून हाताएवढे तुकडे केले आणि त्यावर चुरमुरी द्यायला लागले. ही पानं मी किती वर्षं हातात धरली होती. ती कुठून येतात, असं कधी मनात आलं नव्हतं.

मी तिन्ही वेळी फोटो काढले. प्रत्येकात दगडाचा तुटका कोपरा येईल असं बघितलं.

"कुणी ठरवून दिलं हे?" मी सलीमभाईंना विचारलं.

"ठरवायचं काय त्यात? सकाळी चुरमुरी कोण खातं?"

दोन दिवसांत मी आणि ती दोन मुलं, आम्ही यादीतून गेलेल्या नोंदींपैकी बऱ्याच तपासल्या. काही खरोखर डुप्लिकेट होत्या. एका कणीसवाल्याची पहिली पावती भिजली म्हणून त्याने सर्व्हेच्या दुसऱ्या मुलाकडे पुन्हा नाव दिलं होतं. म्हणजे माझा नियम अगदीच खोटा नव्हता. पण बहुतेक ठिकाणी जागा एक आणि माणसं वेगळी होती. काही नंबरांवर फोन लागला नाही, आणि त्या जागी त्या वेळी कुणी भेटलंही नाही.

शुक्रवारच्या मीटिंगला अधिकारी होते, पोलीस होते, फेरीवाल्यांचे प्रतिनिधी होते. मागच्या खुर्च्यांवर नागम्मा आणि सलीमभाई येऊन बसले होते. शुभा मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, "यादीत आमच्याकडून चूक झाली आहे. ती काय आहे हे आमची सहकारी सांगेल." मी उभी राहिले. कागदावर लिहून आणलं होतं, तेच वाचलं. नियम काय होता, कुणी केला, त्यातून काय झालं. आणि मागणी: सर्टिफिकेटवर जागेबरोबर वेळही असावी.

अध्यक्षपदी बसलेल्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "एका जागेवर तीन सर्टिफिकेटं? उद्या भांडण झालं की कुणाकडे येतील?"

मी तीन फोटो त्यांच्यासमोर ओळीने ठेवले.

"हे एकाच ठिकाणचे?"

"हो सर. दगडाचा डावा कोपरा बघा."

त्यांनी तिन्ही फोटो जवळ घेऊन पाहिले. "आणि एखादा वेळेवर उठला नाही तर?"

मागून नागम्मांनीच उत्तर दिलं. "तर दुसरा येऊन म्हणतो, अज्जी, ऊठ. मग मी उठते."

"साहेब," सलीमभाई उभे राहिले, "यादीत नाव माझं आहे. म्हणजे ती जागा दिवसभर माझी. मला सकाळची नको. तेव्हा मी झोपलेला असतो."

खोलीत हसू फुटलं. पोलिसांमधले एकजण म्हणाले, "भांडणाची एकही तक्रार त्या जागेवरून आलेली मला तरी आठवत नाही, सर."

अधिकाऱ्यांनी चष्मा परत घातला. बाकी यादी पक्की झाली. या जागांसाठी आम्हाला सात दिवस मिळाले. जेवढ्या तपासून द्याल तेवढ्या घेऊ, वेळेच्या रकान्यासह, असं त्यांनी लिहून दिलं. त्या सात दिवसांत मी कॉलेजला गेले नाही. बहुतेक नावं परत आली. नऊ नंबरांची माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत. ते नंबर मी एका कागदावर लिहून बॅगेत ठेवले आहेत. अजून कुणी पावती घेऊन आलेलं नाही.

रस्ता झाला, चौकोन आखले गेले. सर्टिफिकेटं वाटली त्या दिवशी नागम्मांनी आपलं माझ्या हातात दिलं. "वाच."

मी वाचलं. नाव, जागा, माल, आणि वेळ: सकाळी साडेपाच ते नऊ.

"नऊ कुणी सांगितलं?"

"तुम्ही नऊला उठलात ना, अज्जी. मी होते तिथे."

"तो बुधवार होता. लग्नाच्या दिवसांत मी साडेदहापर्यंत असते. हे मला विचारायचं होतंस, मगा, पोरी."

शिवण्णा छत्रीच्या काड्या सरळ करत बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "असू दे. तोपर्यंत मी कॉफी पितो."

वेळ दुरुस्त करून घेण्याचा अर्ज मी त्याच दुपारी भरला. तो अजून मंजूर व्हायचा आहे. दरम्यान शिवण्णा कॉफी पितात.

आमच्या नव्या सर्व्हेच्या फॉर्मवर आता वेळेचा रकाना आहे. पाहणी करून तो भरू नये, समोरच्याला विचारून भरावा, अशी ओळ मी त्याखाली घातली आहे. शुभा मॅडमनी ती वाचली आणि विचारलं, "एवढी साधी गोष्ट लिहायला लागते?"

मी म्हटलं, "मला लागली, मॅडम."